मारिसोलची बरणी आणि आमचा अंड्याचा रस्सा

त्या शुक्रवारी मी अंड्याच्या रश्श्याच्या दोन वाट्या संपवल्या, तिसरी पुढे केली आणि सासूबाईंना म्हणालो, "आई, आज रस्सा काही वेगळाच झालाय. काय घातलंत?"

"काही नाई जी. फ्रीजमंदी वाटण होतं, तेच घातलं. जरा काळपट होतं, पन वास मोठा चांगला होता."

मी "वा" म्हणालो, भाकरीचा तुकडा बुडवला, खाल्ला. मग दही घ्यायला उठलो, फ्रीज उघडला, आणि मधल्या फळीकडे बघत तसाच उभा राहिलो. सकाळी तिथे जॅमची एक जुनी बरणी होती. आता ती सिंकशेजारी पालथी घातलेली होती, स्वच्छ धुतलेली.

"अहो, दार लावा, बीप वाजतोय," वैशाली, माझी बायको, म्हणाली.

"वाटण नव्हतं ते," मी म्हणालो.

आमची मुलगी रश्श्यातून मान वर न करता म्हणाली, "श्मेक्ट आबर गूट." म्हणजे, पण लागतंय तर छान. सोळा वर्षांची आहे. आम्ही मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये निकाल देते.

चूक सासूबाईंची नव्हती. बरणीवर चिठ्ठी नव्हती. आणि ज्या माणसाकडून ती लावायची राहून गेली, त्याची नोकरीच चिठ्ठ्या लावायची आहे. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाचे अनुभव लिहा" असं कळवलं तेव्हा हा प्रसंग वगळून लिहावं असं फार वाटलं. वैशाली म्हणाली, हा वगळला तर उरतं काय?

तर काम. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला ऱ्हाइनच्या काठी रसायनांचे कारखाने आहेत, त्यांतल्या एका प्रयोगशाळेत मी तेवीस वर्षं आहे. आमच्या विभागाकडे अनोळखी वस्तू येतात. कुणाचा रंग भिंतीवर पिवळा पडतो, कुणाच्या पाइपाला चीर जाते, कुणाच्या पांढऱ्या दाण्यांत काळं काही सापडतं. ती वस्तू डबीत घालून आमच्याकडे पाठवतात आणि विचारतात, हे काय आहे? आम्ही सांगायचं. मित्रांना मी सांगतो की मी तक्रारींचं पोस्टमॉर्टेम करतो.

हे काम मला डॉ. ब्रेनर यांनी शिकवलं. उंच, सडसडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. नागपूरहून डॉक्टरेट घेऊन आलो तेव्हा मला वाटत होतं की यंत्र जितकं महाग तितकं उत्तर खरं. पहिल्याच वर्षी ड्युसेलडॉर्फच्या एका ऑफिसमार्फत तक्रार आली: प्लास्टिकच्या पांढऱ्याशुभ्र दाण्यांत काळे ठिपके. तीन आठवडे मी ते ठिपके जाळले, वितळवले, त्यांचे आलेख काढले. कार्बन असावा, रबर असावं, असं करत बारा पानांचा अहवाल झाला. ब्रेनरसाहेबांनी भिंगातून एकदाच पाहिलं आणि विचारलं, "त्यांच्याकडे सकाळी नाश्त्याची सुट्टी किती वाजता होते?"

खसखस होती. इथली खसखस काळी असते. पॅकिंगवरचा माणूस खसखशीचा पाव खात खात पोती भरायचा.

दुसरा धडा मात्र हसण्यासारखा नव्हता. नमुना तपासायचा म्हणजे तो जाळायचा, विरघळवायचा, संपवायचा. म्हणून आधी थोडा भाग काढून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचा आणि उरलेल्यावरच हात टाकायचा. एका लहानशा रंगवाल्याचा नमुना मी उत्साहाच्या भरात शेवटच्या थेंबापर्यंत वापरला. उत्तर निघालं नाही आणि पुन्हा तपासायला काही राहिलं नाही. त्या माणसाची तक्रार खरी होती की खोटी, हे आजही कुणाला माहीत नाही. ब्रेनरसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी ती रिकामी कुपी माझ्या टेबलावर ठेवली. वर्षभर ती तिथेच होती.

तर या ब्रेनरसाहेबांची बायको, मारिसोल. मेक्सिकोतल्या पुएब्ला गावची. हायडेलबर्गला शिकायला आली आणि तिथेच राहिली. दर नोव्हेंबरच्या दोन तारखेला ती तिच्या आईच्या फोटोपुढे ताट मांडायची. त्यांच्यात समजूत अशी की त्या दिवशी गेलेली माणसं घरी जेवायला येतात, म्हणून त्यांच्या आवडीचं करायचं. ताटात कोंबडी आणि तिच्यावर मोले. मोले म्हणजे सुक्या मिरच्यांचा गडद, जवळजवळ काळा सॉस. मिरच्या शेकायच्या, भिजवायच्या, मग दाणे, तीळ, मसाले, जराशा कडू चॉकलेटबरोबर बारीक वाटायच्या आणि तास-दीड तास परतायच्या. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा वैशालीने तो खाल्ला तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, हा तर आपल्याकडचा काळा मसाला, फक्त जरा शिकलेला."

मारिसोल गेल्या फेब्रुवारीत गेली. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेले ब्रेनरसाहेब कागदी पिशवी घेऊन माझ्या दाराशी आले. आधी फोन करून टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, न घेता आले, त्यावरूनच मी समजलो की काहीतरी बिनसलंय.

"फ्रीझरच्या तळाशी सापडली," ते म्हणाले. पिशवीत बरणी. "तिने कधी काही लिहून ठेवलं नाही. तिच्या बहिणीला फोन केला. तिने सांगितलं तसं केलं, पण ती तिच्या सासरची पद्धत. ते हे नाही." त्यांनी बरणी माझ्या हातात दिली. "या वर्षी ताट मला मांडायचंय. मारिसोलसाठी. हे एवढंच मांडलं तर एक वर्ष निभेल. मला दर वर्षी हवंय. तर मग प्रदीप, तुम्ही अनोळखी नमुने ओळखता. हा ओळखा."

खासगी वस्तू कारखान्यातल्या यंत्रात घालता येत नाही. तो नियम त्यांनीच केलेला. म्हणून मी घरीच करायचं ठरवलं. भिंग, चाळण्या, तराजू, दोन दिवसांची सुट्टी. शनिवारी सकाळी पहिल्यांदा थोडा भाग काढून ठेवायचा, मग सुरुवात. तोवर बर्फ सुटावा म्हणून बरणी फ्रीजमध्ये ठेवली. चिठ्ठी शनिवारीच लावू म्हटलं. सासूबाई तीन महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या आणि स्वयंपाकघर त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतलं होतं, हे मी हिशेबात धरलं नाही.

शुक्रवारी मी सगळं सांगितल्यावर सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "अवं माय," एवढंच म्हणाल्या. मी बरणी उचलून उजेडात धरली. एखादा कण तरी? काचेला काही नव्हतं. त्यांनी तीनदा पाणी घालून ती विसळली होती आणि ते पाणीही रश्श्यात ओतलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत हा नियमच आहे, भांड्याला चिकटलेलंही वाया जाऊ द्यायचं नाही, तीनदा विसळायचं. नव्या लोकांना तो अंगवळणी पडायला वर्ष लागतं. सासूबाई जन्मभर पाळत आल्यात.

"मी काय म्हणतो," मी वैशालीला म्हणालो, "फ्रीज बंद पडला, खराब झालं, असं सांगू का?"

"त्या बिचाऱ्या फ्रीजला कशाला गोवता? जा आणि सांगा."

"काय सांगू? तुमच्या बायकोला भाकरीबरोबर खाल्लं?"

"हेच. जरा बऱ्या शब्दांत."

सासूबाईंनी तोवर पातेल्यात उरलेला रस्सा स्टीलच्या डब्यात काढला होता. "मी बी येतो. खाल्लं मी, घातलं मी. तुमी एकटेच काहून बोलनी खाता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं हायडेलबर्गला गेलो. ब्रेनरसाहेबांचं घर टेकडीवर आहे. सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून एकेक पायरी चढत होत्या, डबा मात्र कुणाला देत नव्हत्या. दार उघडल्याबरोबर मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीसकट. अंड्यांसकट.

ते आत गेले, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. आम्हीही मागोमाग जाऊन भिंतीपाशी उभे राहिलो, शाळेत उभं करतात तसे. मी विचारलं, "तुम्ही थोडं काढून ठेवलं असेलच ना? तुम्हीच तर आम्हाला…"

"मी चमचा घेऊन उभा होतो," ते म्हणाले. "बराच वेळ. मला अर्धं करता आलं नाही."

वैशालीने हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. सासूबाई पुढे झाल्या, डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवला. "त्यायले म्हना, हे उरलं हाय. अन् म्हना, बरणी मी संपवली, पन तिची चव माझ्या जिभेवर हाय अजून. मी सांगतो काय काय होतं ते."

ब्रेनरसाहेबांनी चमचा घेतला. एक घोट. डोळे मिटले. मी त्यांना हजार नमुन्यांवर झुकलेलं पाहिलंय, हा चेहरा तोच होता. "हळद," ते म्हणाले. "ही तुमची. धने, हेही तुमचे. बाजूला ठेवतो." दुसरा घोट. मग तिसरा. "हो," ते अगदी हळू म्हणाले. "तुमच्या मसाल्यांच्या खाली आहे ती."

त्यांनी डबा रिकामा केला. दोन्ही अंडी बाजूला काढून ठेवली आणि रस्सा तेवढा संपवला.

पुढचे तीन रविवार आम्ही त्या स्वयंपाकघरात काढले. मी कागदावर रकाने आखले होते. सासूबाई डोळे मिटून जीभ टाळूला लावायच्या आणि एकेक नाव काढायच्या, जसं कुणी घरातल्या माणसांची हजेरी घ्यावी. "तीळ. शेंगदाना. बदाम, पन कमी. लवंग. दालचिनी. मनुका. लसूण भाजलेला, कच्चा नाई. अन् एक पोळी."

"पोळी?"

"जळलेली. तव्यावर इसरून गेलेली."

ब्रेनरसाहेब ताडकन उठले. मारिसोल मक्याची एक पोळी मुद्दाम जाळायची, घरभर धूर व्हायचा, ते खिडक्या उघडत फिरायचे. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं ते ओरडले आणि सासूबाईंनी, त्यांना काय म्हणायचंय हे न कळूनही, मान डोलावली.

पहिल्या रविवारचा मोले फेकून द्यावा लागला, आणि तो सासूबाई आणि मी अशा दोघांनी मिळून बिघडवला. कपाटात मारिसोलच्या मिरच्या होत्या. आंचो नावाची सुरकुतलेली, मनुक्यासारखा वास येणारी, आणि पासिया, लांब, काळसर. आमच्याकडे मसाल्याची मिरची खरपूस, काळी होईस्तोवर भाजतात. सासूबाई म्हणाल्या होऊ द्या अजून, मी होऊ दिलं, आणि सगळं इतकं कडू झालं की थुंकावं लागलं. या मिरच्यांची कातडी जाड, गोडवा जास्त. तवा मध्यम, मिरची उलथण्याने दाबायची, दहा मोजायचे, उलटायची, दहा मोजायचे, उचलायची. रंग किंचित उजळतो आणि वास सुटतो, तेव्हाच. मिरच्या जळताहेत हे ब्रेनरसाहेबांना पहिल्यापासून दिसत होतं, पण आमच्या सासूबाईंना सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

दुसऱ्या रविवारी मिरच्या जमल्या. गरम पाण्यात अर्धा तास भिजवल्या, वाटल्या, चाळणीतून गाळल्या. मग परतायला घेतलं. मी आणि ब्रेनरसाहेब घड्याळ लावून, थर्मामीटर घेऊन उभे. सासूबाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं. "तेल सुटलं का सांगा, ते काटे राहू द्या." तेल कडेनं सुटलं. पुएब्लात काय आणि नागपुरात काय, खूण तीच. रंग जमला, वास जमला. ब्रेनरसाहेबांनी चाखला आणि ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, "खूप चांगलाय."

म्हणजे तो नव्हता.

सासूबाईंनाही पटलं नव्हतं. "काहीतरी पिठाळ हाय. गोड, पन गुळाचं नाई, साखरेचं नाई. मले नाव नाई माहीत. असं काही मी आयुष्यात खाल्लंच नाई."

तो आठवडा मी वाया घालवला. केळं लिहिलं, खोडलं. खजूर लिहिला, खोडला. कारखान्यातल्या यंत्रांकडे जाता-येता चोरासारखा बघायचो. पण आता बघून उपयोग काय, नमुनाच नव्हता. रात्री वैशाली म्हणाली, "तुम्ही फार मनाला लावून घेताय." लावून घेण्यासारखंच होतं. दोन तारीख आठवड्यावर आली होती आणि त्या माणसाकडून मी त्याची बायको दुसऱ्यांदा हिरावली होती, तीही एका चिठ्ठीच्या आळसापायी.

तिसऱ्या रविवारी ब्रेनरसाहेब आणि मी टेबलावर कागद पसरून बसलो होतो. ती कशात काय मिसळायची, किती, आधी की नंतर? त्यांना काही आठवत नव्हतं. "मी तेव्हा वाचत बसायचो," ते म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली. "चाळीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, यात काय आहे. हिला कधी विचारलं नाही."

सासूबाई ओट्याशी तीळ निवडत होत्या. वैशालीला म्हणाल्या, "बाई, त्यायले इचार, ती हे करायची तवा त्यायले बाजारातून काय आनायले लावायची?"

वैशालीने विचारलं.

"काही विशेष नाही," ब्रेनरसाहेब म्हणाले. "कोंबडी. टोमॅटो. आणि लेबकूखनचं एक पाकीट."

मी पेन्सिल उचलली. लेबकूखन म्हणजे इथला नाताळचा जाड, मऊ केक-बिस्किटासारखा प्रकार. मध, लवंग, दालचिनी घातलेला. नाताळ डिसेंबरात, पण दुकानात सप्टेंबरपासून डोंगर लागलेले असतात.

"साधे, साखरेचा लेप नसलेले, असं बजावून सांगायची," ते म्हणत होते. "एकदा मी लेपवाले आणले तर परत पाठवलं. मला वाटायचं तिला चहाबरोबर आवडतात…" आणि ते थांबले. "पण मी तिला ते खाताना कधी पाहिलं नाही."

ते कोट न घालताच बाहेर पडले. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा धाप लागली होती आणि हातात तीन पाकिटं होती, साधी, लेप नसलेली. सासूबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चावला. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे नाही, वैशालीकडे नाही, सरळ ब्रेनरसाहेबांकडे बघून म्हणाल्या, "हाव. हेच."

भाषांतर करावं लागलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी या गावात मारिसोलला तिच्या आईकडचा जो काही पाव किंवा बिस्किट लागत असेल, ते मिळालं नसणार. जे दुकानात मिळालं ते तिने घातलं आणि कुणाला सांगितलं नाही. पुएब्लातल्या बहिणीकडे ते असणारच कसं?

दोन नोव्हेंबरला आम्ही सगळे गेलो. खिडकीपाशी टेबल, त्यावर मारिसोलचा फोटो, झेंडूची फुलं. इथे ती या दिवसांत सहज मिळत नाहीत, ब्रेनरसाहेब कुठून तरी घेऊन आले होते. कोंबडीवर मोले त्यांनी स्वतः वाढला, वरून तीळ भुरभुरले. सासूबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आपन बुद्धाची माणसं, आपल्यात मेलेल्यापुढं ताट ठेवत नाई." पण ताट मांडून झाल्यावर त्या फोटोपुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बाई, चुकून खाल्लं. राग नको मानू."

मग आम्ही जेवलो. ब्रेनरसाहेबांनी ताटली पावाच्या तुकड्याने पुसून घेतली. मी विचारणार नव्हतो, पण तेवीस वर्षांची सवय. "जमला का?"

त्यांनी खरं तेच सांगितलं. त्यांना दुसरं येत नाही. "तोच नाही. कडूपणा थोडा जास्त आहे, आणि काहीतरी आहे ते मला अजून सापडत नाही. पण पुढच्या वर्षी मी हा एकट्याने करू शकेन." मग म्हणाले, "अजून थोडा वाढा."

त्या बरणीत होतं ते मी त्यांना परत देऊ शकणार नाही. अहवालाच्या शेवटी आम्ही "नमुना शिल्लक नाही" असं लिहितो, ते वाक्य मी अनेकदा लिहिलंय आणि कधी मन लावून वाचलं नव्हतं.

परतताना ट्रॅममध्ये सासूबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या, मुलगी कानात इअरफोन घालून बसली. वैशाली माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, उद्यापासून मी स्वयंपाक करत असले की ओट्याशी येऊन उभं राहायचं. काही करायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, लिहून तर मुळीच घ्यायचं नाही. नुसतं उभं राहायचं, आणि मला विचारत राहायचं, हे काय घातलंस म्हणून."